सूट ३,००० ची, भुर्दंड ७,७२९ चा: झिरो टक्के हप्त्यावरचा फोन

आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) ऑफरमध्ये जळगावातून फोन घेतला. खोक्यावरची छापील किंमत २४,९९९. दुकानाच्या फलकावर २१,९९९, आणि वर लाल अक्षरांत ‘३,००० ची सूट, झिरो टक्के व्याज, झिरो डाउनपेमेंट’. त्याच दिवशी, त्याच रस्त्यावर, चार दुकानं सोडून तोच फोन, तेवढीच रॅम, तोच रंग रोखीने २०,३०० ला मिळत होता. हे नंतर कळलं. आतापर्यंत गेलेले आणि अजून जायचे असे मिळून आमचे २८,०२९ होतात. लाज वाटते, पण आकडे झाकून कुणाचा उपयोग नाही.

छापील किंमत हीच पहिली थाप. त्या किमतीला तो फोन कुणीच विकत नाही, ऑनलाइनही नाही. सूट मोजायची तर त्या दिवशीच्या रोख भावापासून मोजा.

योजनेचं नाव १२/४. दुकानदार हे पटकन बोलून पुढे जातात. अर्थ असा: बारा हप्ते, त्यातले चार आगाऊ, तिथेच काउंटरवर. म्हणजे ‘डाउनपेमेंट नाही’ हे शब्दाला धरून खरंच, कारण त्याला डाउनपेमेंट म्हणतच नाहीत. २१,९९९ भागिले बारा म्हणजे १,८३४ चा हप्ता. तोंडी हाच सांगितला होता. मशीनमधून आलेल्या चिठ्ठीवर मात्र २,०४२ होते.

हे जास्तीचे २०८ रुपये. इथेच उठायला हवं होतं. विचारलं नाही असं नाही. विचारलं. फायनान्सच्या टेबलावरचा पोरगा हसून म्हणाला, “तो ते जीएसटी शे भाऊ, पहिला चार हप्तासवरच लागस.” अहिराणीत बोलला, आपला वाटला, संपलं. मोबाइलवर १ एप्रिल २०२० पासून १८ टक्के जीएसटी आहे आणि तो दुकानाच्या २१,९९९ मध्ये आधीच धरलेला असतो. बिलात तो वेगळा फोडून छापलेलाही असतो. हे माहीत होतं! कापूस मोजून देताना क्विंटलमागे कट्टी (वजनातली कपात) किती धरली यावर व्यापाऱ्याशी भांडणारे आम्ही, आणि २०८ रुपयांवर मान डोलावली. मागे रांग होती, उकाडा होता, पोरगा घाई करत होता, हे सगळं खरं. पण बिल हातात होतं आणि ते वाचलं नाही, हेही तेवढंच खरं.

ते २०८ रुपये म्हणजे न मागितलेली ‘एक्स्टेंडेड वॉरंटी’. किंमत २,४९९, गुपचूप कर्जात मिळवलेली. २१,९९९ अधिक २,४९९ म्हणजे २४,४९८, भागिले बारा, झाले २,०४२. हा प्रकार किती निर्लज्ज आहे ते बघा: कंपनीची एक वर्षाची वॉरंटी फोनबरोबर फुकट असतेच, ही विकतची त्यानंतर सुरू होते. म्हणजे हप्ते संपून चार महिने झाले तरी जिचे पैसे भरले ती सुरूसुद्धा झालेली नसेल. आणि फुटलेला स्क्रीन तिच्यात येतच नाही.

काउंटरवर गेलेले पैसे:
चार आगाऊ हप्ते ८,१६८.
प्रोसेसिंग फी १,०१७ आणि जीएसटी १८३, म्हणजे १,२००.
‘ईएमआय कार्ड’ ४५० आणि जीएसटी ८१, म्हणजे ५३१.
कव्हर आणि काच यांचा ‘कॉम्बो’ ९९९. बाहेर गाडीवर हाच ऐवज अडीचशेत येतो.
एकूण १०,८९८.

झिरो डाउनपेमेंटमध्ये १०,८९८! रोख भाव २०,३००. म्हणजे कमी पडत होते फक्त ९,४०२, आणि त्यासाठी आठ महिन्यांत १६,३३६ फेडायचे. इतके पैसे खिशात घेऊन गेलेल्या माणसाने गावातल्या सोसायटीतून, भिशीतून, मेव्हण्याकडून उरलेले घेतले असते तरी चाललं असतं.

वॉरंटी आणि कॉम्बो हे आमच्या गाफीलपणाचं बिल, ते बाजूला ठेवू. नुसत्या योजनेचा दर काढू. १,८३४ चे चार हप्ते, फी आणि कार्ड मिळून हातातून जातात ९,०६७. रोख भावातून वजा केले तर खरं कर्ज ११,२३३. परतफेड १,८३४ चे आठ हप्ते. एक्सेलमध्ये ‘रेट’ हे सूत्र आहे. त्यात अनुक्रमे ८, उणे १८३४ आणि ११२३३ भरा, उत्तराला १२ ने गुणा. वर्षाला साधारण ७६ टक्के येतात. खाजगी सावकार महिन्याला पाच टक्के म्हणाला तर आपण त्याला शिव्या घालतो; हा सहाच्या वर गेला.

हे घडतं कसं? झिरो टक्क्यात फायनान्स कंपनी दुकानदाराला पूर्ण रक्कम देत नाही, आपलं व्याज आधीच कापून घेते. दुकानदार तो खड्डा रोखीवाल्याला मिळणारी सूट तुम्हाला न देऊन भरतो. व्याज किमतीत लपतं, उरलेलं फीमध्ये. रिझर्व्ह बँकेने १७ सप्टेंबर २०१३ च्या परिपत्रकात बँकांना हेच सुनावलं होतं, की शून्य टक्के व्याज अशी गोष्टच अस्तित्वात नसते आणि व्याज प्रोसेसिंग फीच्या आडून वसूल होतं. म्हणून दुकानात शिरल्यावर पहिला प्रश्न हप्त्याचा नको. “रोख दिले तर कितीला?” हा आकडा कागदावर लिहून घ्या, मगच योजना ऐका.

ओटीपी तीन आले. फोन त्या पोराच्याच हातात होता. एक कर्जाच्या कराराचा, एक खात्यातून हप्ता कापण्याच्या मॅंडेटचा, एक वॉरंटीचा. ओटीपी सांगणं म्हणजे सही करणं. संदेश स्वतः वाचा, कशासाठी आहे ते त्यातच लिहिलेलं असतं. मॅंडेटवर कमाल रक्कम आणि शेवटची तारीख बघा. आमची कमाल रक्कम हप्त्याच्या कित्येक पट होती. याच मॅंडेटमधून पुढच्या वर्षी कार्डाची नूतनीकरण फी जाऊ शकते.

आता बाउन्सची गोष्ट, कारण यात आमचीच चूक असं सगळे म्हणतात. जीएसटी पहिल्या चारवरच, मग पाचवा हप्ता १,८३४ चा. म्हणून खात्यात २,००० ठेवले. मॅंडेट आला २,०४२ चा. बेचाळीस रुपये कमी. फायनान्सचा दंड ५००, मॅंडेट परत गेल्याचा बँकेचा आकार २५० आणि जीएसटी ४५. बेचाळीस रुपयांपायी ७९५ गेले. खोटं त्यांनी सांगितलं, दंड आम्ही भरला. वॉरंटीचा शोधही तेव्हाच लागला.

त्यानंतरची वारी. दुकानदार: “तो मुलगा आमचा नाही, फायनान्सचा.” फायनान्सचं टेबल: “तो गेला, दुसरीकडे लागला.” कस्टमर केअरला एक दाबा, मग चार दाबा, मग वीस मिनिटं गाणं, शेवटी बाई हिंदीत म्हणाल्या, “सर, आपने ओटीपी दिया है.” बँकेत मॅंडेट थांबवायला गेलो तर आधी फायनान्सचं ना-हरकत पत्र आणा म्हणे. म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याचीच परवानगी! पोलिसांत अर्ज वाचलाच नाही, ‘हा दिवाणी मामला’ एवढं ऐकवलं. एका सरकारी कार्यालयात साहेब मीटिंगला, दुसऱ्या खेपेला साहेब जेवायला, तिसऱ्या खेपेला टेबल बदललेलं. प्रत्येक खेपेला एसटीचं भाडं आणि एक रोज बुडाला. हे खर्च वरच्या २८,०२९ मध्ये धरलेलेच नाहीत.

कायदा आहे, तो कुणी सांगत नाही एवढंच. १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ कर्जाला ‘की फॅक्ट स्टेटमेंट’, म्हणजे कर्जाच्या मुख्य अटींचा कागद, देणं सक्तीचं आहे, तेही कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत. त्यात एपीआर, म्हणजे फी धरून पडणारा वार्षिक दर लिहावा लागतो. आमच्या झिरो टक्के कर्जाच्या कागदावर तो २०.८ टक्के होता; रोखीची बुडालेली सूट आणि कार्डाचे पैसे त्यात धरलेले नाहीत, म्हणून वरच्या ७६ पेक्षा कमी. आठव्या पानावर, इंग्रजीत, मेलवर आलेल्या पीडीएफमध्ये. मराठीत मागा आणि सही करण्याआधी मागा. त्यात नसलेली फी तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय घेता येत नाही. डिजिटल कर्जातून माघार घ्यायला किमान एक दिवस मिळतो, म्हणून कागद घरी जाऊन त्याच रात्री वाचा, आमच्यासारखे महिन्याने नको.

तक्रार आधी फायनान्स कंपनीकडे लेखी करा, मेलने, क्रमांकासह. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. चौकशीचा क्रमांक १४४४८. दुकानदाराविरुद्ध ग्राहक हेल्पलाइन १९१५. जळगाव, धुळे, नंदुरबार, तिन्ही जिल्ह्यांत ग्राहक आयोग आहे; स्वतः राहता त्या जिल्ह्यात दावा लावता येतो, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, मुदत दोन वर्षं. फोनवर झालेल्या बोलण्याची तारीख-वेळ वहीत लिहून ठेवा. चिठ्ठीचा फोटो काढा, तिची शाई उन्हाळ्यात उडते. आमची अर्धी उडालीय.

आणि रागाच्या भरात हप्ता थांबवू नका. सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीवर, डाग पडला की उद्या ट्रॅक्टरचं, पीक कर्जाचं अडतं. काही कंपन्या फोनमध्ये टाकलेल्या अ‍ॅपने फोनच लॉक करतात. कर्ज संपल्यावर नो-ड्यूज पत्र घ्या, मॅंडेट रद्द झाला याचा संदेश जपून ठेवा, वर्षातून एकदा फुकट मिळणारा सिबिल अहवाल काढून खातं ‘बंद’ दिसतंय का ते बघा.

आयोगातल्या अर्जात वॉरंटीचे २,४९९, कार्डाचे ५३१ आणि बाउन्सचे ७९५ मागितलेत. तोवर दर पाच तारखेला २,०४२ जातातच. खात्यात २,१०० ठेवतोय.