रायझन 5 5600एक्स: क्लॉक स्पीड वाढवायच्या आधी व्होल्टेज कमी करून बघा

बरेच दिवस वापरतोय एएमडीचा हा प्रोसेसर, त्यामुळे एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, चिप एक नंबर आहे पण जुन्या पद्धतीने ओव्हरक्लॉक (ठरवून दिलेल्यापेक्षा जास्त स्पीडला चालवणं) करायला घेत असाल तर निराश व्हाल. म्हणजे बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) जायचं, सगळ्या कोरना एकच मल्टिप्लायर (स्पीड ठरवणारा आकडा) द्यायचा, व्होल्टेज फिक्स करायचं आणि बूट झालं की स्क्रीनशॉट टाकायचा, हे जे आपण वर्षानुवर्षं करत आलोय ना, ते इथे जवळपास तोट्याचंच काम आहे.

कारण असं की हा 2020 च्या शेवटी आलेला झेन 3 पिढीचा चिप, 6 कोर 12 थ्रेड, बेस म्हणजे मूळ स्पीड 3.7 आणि बूस्ट म्हणजे स्वतःहून वाढणारा स्पीड 4.6 गिगाहर्ट्झ, आणि स्टॉकमध्येच (काहीही न बदलता) तो स्वतःला इतका ताणून चालतो की आपल्यासाठी फारसं काही शिल्लक ठेवत नाही. सगळे कोर 4.6 ला लॉक केले तर रेंडरिंगमध्ये जरासा फायदा दिसेल, पण एकट्या कोरवर चालणाऱ्या कामात स्टॉकपेक्षा काहीच जास्त मिळत नाही, उलट थोडं कमीच, आणि वर दिवसभर फुकटचं व्होल्टेज.

आता व्होल्टेजचं. नवीन माणूस एचडब्ल्यूइन्फो (चिपचे आकडे दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडतो, काहीच चालू नसताना 1.45 व्होल्ट दिसतं, कधी 1.48, आणि घाबरतो. घाबरू नका. हलक्या कामात एकदोन कोर क्षणभर जागे होतात, करंट अगदी कमी असतो, तेव्हा चिप मुद्दाम व्होल्टेज वर नेतो आणि लोड आला की स्वतःच खाली आणतो. सगळे कोर भरले की तेच व्होल्टेज बऱ्यापैकी उतरलेलं दिसेल. पण हेच 1.45 बघून कोणी म्हणालं की "स्टॉकला चालतंय मग मी पण 1.4 फिक्स करतो", तर तो चिपची वाट लावतोय!! नुसतं व्होल्टेज चिप मारत नाही, व्होल्टेज, करंट आणि तापमान तिन्ही एकत्र मारतात. आतल्या बारीक तारांमधले धातूचे अणू करंटच्या जोराने हळूहळू सरकतात, गरम असेल तर अजून वेगाने. त्यामुळे एका दिवसात काही होत नाही, काही महिन्यांनी जे सेटिंग आरामात चालायचं ते क्रॅश व्हायला लागतं आणि माणूस विंडोजला शिव्या घालत बसतो.

फिक्स व्होल्टेज द्यायचंच असेल तर माझं मत, पूर्ण लोडवर 1.25 पर्यंत निवांत, 1.3 ही हद्द समजा, त्याच्या वर रोजच्या वापरासाठी मी जाणार नाही. 1.4 पर्यंत चालतं हा सल्ला 32 नॅनोमीटरच्या जमान्यातला आहे, हा 7 नॅनोमीटरचा चिप आहे, तो नियम इथे लावू नका. आणि आकडा बायोसमधला धरायचा नाही, लोड चालू असताना एचडब्ल्यूइन्फोमध्ये कोर व्होल्टेजची एसव्हीआय2 टीएफएन नावाची जी ओळ दिसते तिथला धरायचा. लोडलाइन कॅलिब्रेशन (लोड आल्यावर व्होल्टेज किती पडू द्यायचं ते ठरवणारं सेटिंग) सगळ्यात वरच्या लेव्हलला टाकून ठेवणारे लोक तर मला कळतच नाहीत. लोड आल्यावर व्होल्टेज थोडं पडतं ते पडू द्या, पार सपाट करायला गेलात तर लोड सुटताना क्षणभर जो उसळा येतो तो सॉफ्टवेअरमध्ये दिसत पण नाही. मधली लेव्हल पुरे.

तापमानाची कमाल मर्यादा 95 डिग्री आहे, तिथे पोचला की तो स्वतःच स्पीड कमी करतो, जळत बिळत नाही. स्टॉकवर असताना 85 दिसलं तरी काळजीचं काही नाही. पण हाताने व्होल्टेज दिलं असेल तर हिशोब बदलतो, मग मी जड टेस्टमध्ये 85 च्या खाली आणि गेममध्ये 75 च्या आत ठेवायला बघतो. बॉक्समध्ये रेथ स्टेल्थ कूलर येतो, तो स्टॉकपुरता ठीक, ओव्हरक्लॉकसाठी नाही, चांगला टॉवर कूलर घ्याच. तरी एक अपेक्षा ठेवू नका, की महागडा कूलर लावला की तापमान धाडकन खाली येईल. उष्णता तयार होते ती जेमतेम 80 चौरस मिलिमीटरच्या तुकड्यात, तोही झाकणाच्या मधोमध नाही, एका बाजूला. उष्णता तिथून बाहेर यायलाच अडते, कूलर बिचारा काय करणार.

मग खरी मजा कशात, तर पीबीओ (प्रिसिजन बूस्ट ओव्हरड्राइव्ह, चिपला स्वतःहून जास्त बूस्ट करू देणारं सेटिंग) आणि त्यातल्या कर्व्ह ऑप्टिमायझरमध्ये. यासाठी मी या चिपला पूर्ण मार्क देतो. प्रत्येक कोरला उणे आकडा द्यायचा, एक पायरी म्हणजे साधारण 3 ते 5 मिलिव्होल्ट, आणि तेवढ्याच स्पीडला कमी व्होल्टेज लागायला लागलं की जी जागा उरते ती चिप स्वतः जास्त बूस्टसाठी वापरतो. म्हणजे स्पीड वर आणि तापमान तेवढंच किंवा कमी, असं फुकटात कुठे मिळतं सांगा. सगळ्यांना सरसकट उणे 30 टाकू नका, बायोसमध्ये जे कोर उत्तम म्हणून दाखवतात त्यांना कमी झेपतं, उणे 10 पासून सुरू करा, बाकीच्यांना उणे 20 वगैरे. पॉवरची मर्यादा स्टॉकला 76 वॅट आहे, ती 100-110 पर्यंत नेली तरी पुष्कळ झालं, त्याच्या पुढे नुसता पंख्याचा आवाज वाढतो.

टेस्टिंगला मात्र सिनेबेंचवर (रेंडरिंग करून स्कोअर देणारी टेस्ट) विसंबू नका. कर्व्ह जास्त ताणला असेल तर क्रॅश होतो तो हलक्या कामात, एकच कोर उंच बूस्टला असताना, कधी कधी तर नुसतं ब्राउझर उघडताना. कोरसायकलर हा टेस्टिंगचा प्रोग्राम लावून रात्रभर ठेवा, तो एकेक कोर वेगळा तपासतो, आणि विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये WHEA म्हणतात त्या हार्डवेअर एररची एकही नोंद दिसली तर त्या कोरची पायरी कमी करा. मशीन रिस्टार्ट झालं नाही म्हणजे स्टेबल असं नसतं.

रॅम पळवणाऱ्यांनी एसओसी व्होल्टेजकडे (चिपमधल्या मेमरी कंट्रोलरच्या भागाचं व्होल्टेज) पण बघा, एक्सएमपी (रॅमचं तयार जास्त स्पीडचं सेटिंग) चालू केल्यावर काही बोर्ड ऑटोमध्ये ते गरजेपेक्षा जास्त देतात. 3600 स्पीडच्या रॅमला 1.1 व्होल्ट बहुतेक वेळा पुरतं, 1.2 च्या वर जायचं कारण नाही.

आणि हो, वॉरंटी. पीबीओ बायोसमध्ये अधिकृतपणे दिलेलं असलं तरी त्याने झालेलं नुकसान एएमडी वॉरंटीत धरत नाही, तिथे वॉर्निंग येते ती वाचूनच ओके दाबा.