मांजराच्या पिसवांवर मानेवर टाकायचं औषध आणि पिसवांची फणी : वापरून झाल्यावर

पिसवांवर काय घेऊ असं विचारणाऱ्यांसाठी आधी निकाल सांगते, बाकीची बडबड नंतर. फिप्रोनिल आणि एस-मेथोप्रीन ही दोन्ही औषधं असलेलं स्पॉट-ऑन, म्हणजे मानेवर टाकायचं औषध, घ्या, मांजराला मांजराचंच, आणि सोबत बारीक दातांची स्टीलची फणी. माझ्याकडून चार स्टार. पाचवा कापलाय तो औषध चालत नाही म्हणून नाही, तर घराचं काय करायचं ते आमच्या बॉक्सवर कुठेतरी मुंगीएवढ्या अक्षरात होतं म्हणून, आणि खरी मारामारी तिथेच आहे.

आमची चिंगी फ्लॅटबाहेर पाऊल टाकत नाही, तरी पिसवा झाल्याच. आल्या कुठून म्हणून घरात दोन दिवस चौकशी समिती बसली होती. व्हेट म्हणाले कुत्र्यांवर आणि मांजरांवर बहुतेक वेळा एकच जात सापडते, तिला मांजराची पिसूच म्हणतात, आणि जिन्यात झोपणाऱ्या कुत्र्यांपासून ती तुमच्या पॅन्टवर बसूनही वर येऊ शकते. त्यात पावसाळा, दमट हवा तर त्यांना फारच मानवते.

आधी फणीचं सांगते कारण दीड-दोनशे रुपयांत याहून कामाची वस्तू मी घेतलेली नाही. पिसू पटकन दिसतच नाही, पण शेपटीच्या बुडाशी आणि मानेवर फणी फिरवली की काळी पूड येते, ती ओल्या टिश्यूवर झटकायची. साधी धूळ असेल तर तशीच राहते, पिसवांची घाण असेल तर भोवती लालसर डाग पसरतो, कारण ते पचलेलं रक्तच असतं. आमच्या टिश्यूवर बघता बघता गंजासारखी कडा उमटली, नवरा शेजारी चहा पीत होता, त्याने कप तसाच खाली ठेवला. फणीत पिसू सापडली तर चिमटीत मारायला जाऊ नका, निसटते आणि उडी मारते, वाटीत साबणाचं पाणी घेऊन बसायचं आणि फणी त्यात बुडवायची.

आता दुकान. नाव लिहीत नाही. काउंटरवरच्या मुलाने पावडरचा डबा पुढे केला, "घ्या ताई, डॉग-कॅट सगळ्यांना चालते." मागे वाचलं तर परमेथ्रिन. कुत्र्यांच्या औषधात ते सर्रास असतं पण मांजराच्या शरीराला ते नीट पचवताच येत नाही, थरथर सुटते, झटके येतात, जीवसुद्धा जाऊ शकतो. डबा तिथेच ठेवला. घरात दोन्ही प्राणी असतील आणि कुत्र्याला असलं काही लावलं असेल तर ते पूर्ण वाळेपर्यंत मांजराला त्याच्या अंगाशी जाऊ देऊ नका. पुढचं चित्र बघून काही घेऊ नका हो, मागचं बारीक वाचा.

टाकायला सोपं आहे. मांजराची पिपेट, म्हणजे औषधाची छोटी नळी, 0.5 मिलीची, मानेच्या मागे जिथे जीभ पोचत नाही तिथे केस बाजूला करून थेट कातडीवर रिकामी करायची, केसांवर ओतलंत तर पैसे वाया. आधी आणि नंतर दोन-दोन दिवस अंघोळ नाही. तिथले केस थोडे चिकट दिसतात, वास येतो, चिंगी रुसून कपाटावर जाऊन बसली, एवढंच. चुकून चाटलं तर चवीमुळे लाळ गाळतात. फिप्रोनिल कातडीच्या तेलग्रंथींत साठून अंगभर पसरतं आणि अंगावरच्या मोठ्या पिसवा साधारण 24 तासांत मरतात, मेथोप्रीन अंडी आणि अळ्या पुढे वाढू देत नाही.

मग लोक "औषध टाकूनही पिसवा दिसतात, फालतू प्रॉडक्ट" असं लिहून एक स्टार का देतात? कारण अंगावर दिसतात त्या एकूण पिसवांच्या जेमतेम 5 टक्के, बाकी सगळा संसार अंडी, अळ्या आणि कोशांच्या रूपात तुमच्या सोफ्यात, सतरंजीखाली, फरशीच्या फटीत. एक मादी दिवसाला 40-50 अंडी घालू शकते आणि ती अंगावर टिकत नाहीत, मांजर जिथे झोपतं तिथे गळतात. कोशातल्या पिसूपर्यंत फवारा नीट पोचत नाही, ती महिनोन्‌महिने गप्प पडून राहते आणि कोणी चाललं, जमीन हलली, ऊब मिळाली की बाहेर. म्हणून रोज व्हॅक्यूम करायचा, त्या हादऱ्यानेच त्या बाहेर येतात, आणि त्यातला कचरा लगेच घराबाहेर. गोधडी, उशीचे अभ्रे, पायपुसणी कडक गरम पाण्यात. आणि दर महिन्याला पिपेट, निदान तीन महिने तरी, मध्येच "आता नाही दिसत" म्हणून सोडायचं नाही.

सासूबाईंचं म्हणणं होतं, "अगं, कडुलिंबाचा पाला उकळ आणि घाल अंघोळ." मांजराला अंघोळ घालून बघा एकदा, मग बोलू. पण कापूर आणि टी ट्री ऑइल खरंच नको, दोन्ही मांजराला विषारी आहेत, व्हॉट्सॲपवर काहीही येऊ दे.

कुत्रेवाल्यांनी गोळीचा विचार करायला हरकत नाही. बहिणीचा लॅब्रॅडॉर सारखा पाण्यात, त्याच्यावर स्पॉट-ऑन टिकणं अवघडच, त्याला व्हेटने फ्लुरालानरची चघळायची गोळी दिली, एकीत 12 आठवडे निघतात. फक्त कुत्र्याला फिट्स येत असतील तर हे आधी व्हेटला सांगा. आणि घरात ससा असेल तर फिप्रोनिल त्याला अजिबात नाही, त्याचं औषध वेगळं.

शेपटीखाली किंवा अंथरुणात तांदळाच्या दाण्यासारखं काही दिसलं तर ते चपट्या जंताचे तुकडे असतात, मांजर अंग चाटताना पिसू गिळतं त्यातून हा जंत होतो, तेव्हा वजन करून जंताची गोळीही घ्यावी लागते, नुसत्या पिपेटने तो जात नाही. पिपेट तीनच्या पॅकमध्ये घेतल्या तर सुट्यापेक्षा स्वस्त पडतात, एक्सपायरी तेवढी बघून घ्या.