गिरनारचं ‘हाफ डे’ पॅकेज: रोपवे अंबाजीपाशी सोडतो, दत्तापाशी नाही

जाहिरात साधारण अशी असते. वर पादुकांचा फोटो, खाली रोपवेचा डबा, मधे मोठ्या अक्षरात ‘गिरनार दत्तदर्शन रोपवेने, फक्त अर्ध्या दिवसात. सकाळी ७ ला हॉटेलवरून पिकअप, दुपारी १ ला परत. ज्येष्ठांसाठी खास.’ पौर्णिमा जवळ आली की कोल्हापूर-सांगलीपासून नाशिकपर्यंतच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर असले मेसेज फिरू लागतात. यातला एकेक शब्द सुटा घेतला तर खराच निघतो. रोपवे आहे, दत्तस्थान आहे, पिकअपलाही गाडी येते. खोटी आहे ती या तिन्हींची एका ओळीत घातलेली सांगड.

रोपवे गुजरातमधल्या जुनागढच्या भवनाथ तलेटीतून, म्हणजे डोंगराच्या पायथ्यापासून निघतो आणि अंबाजीच्या मंदिराजवळ थांबतो. पुढे जात नाही. २४ ऑक्टोबर २०२० ला तो सुरू झाला, लांबी सुमारे २.३ किलोमीटर, एका डब्यात आठ माणसं, वेळ सात-आठ मिनिटं. पायऱ्यांच्या हिशेबात अंबाजी पाच हजाराच्या आसपास येते. दत्तशिखर परंपरेने ९९९९ पायऱ्यांवर, म्हणजे बोलायचं तर दहा हजारांवर. रोपवेने वाचते ती पहिली अर्धी वाट. उरलेली अर्धी पायीच, आणि ती जास्त चिवट आहे.

अंबाजीपासून वाट सरळ चढत गेली असती तरी एक वेळ परवडलं असतं. ती आधी खाली-वर करत गोरखनाथाच्या शिखरावर जाते. हे गुजरातमधलं सर्वांत उंच ठिकाण. तिथून पायऱ्या पुन्हा खोल उतरतात, कमंडलू तीर्थाकडे जाणारा फाटा लागतो, आणि मग दत्तशिखराचा उभा चढ सुरू होतो. उतरलेलं सगळं येताना पुन्हा चढायचं असतं. ‘जाताना त्रास, येताना उतारच आहे’ असं कोणी सांगितलं तर समजा, तो माणूस एकतर गोरखनाथापलीकडे गेलेला नाही, नाहीतर तुमच्या गुडघ्यांशी त्याला काही देणंघेणं नाही.

आता त्या ‘७ ते १’ चा हिशेब मांडू, तोही गर्दी नसलेल्या मंगळवारचा. सातला हॉटेल सोडलं, वीस-पंचवीस मिनिटांत तलेटी. तिकिटाची एक रांग, चढायची दुसरी, सगळं मिळून पाऊण तास धरा. सव्वाआठच्या सुमारास वर. अंबाजीचं दर्शन करून पावणेनऊला पुढे निघालात आणि चालण्याची सवय असेल तर दोन तासांत दत्तस्थान, म्हणजे पावणेअकरा. वर जागा अगदी थोडी आहे, माणसं टप्प्याटप्प्याने आत सोडतात, अर्धा तास तिथे जातो. परतीला दोन तास. अंबाजीपाशी सव्वा वाजतो. कमंडलू तीर्थावर धुनीचं दर्शन आणि प्रसाद घ्यायचा तर त्यात तासभर मिळवा. परतीच्या रोपवेची रांग धरून तलेटीला यायला अडीच-तीन होतात. हा धडधाकट माणसाचा आकडा झाला. पासष्टीच्या आईला घेऊन निघालात तर अंबाजी ते दत्त एकेका बाजूला तीन-साडेतीन तास हेच वास्तव आहे, आणि मग प्रश्न उरतो तो शेवटचा रोपवे मिळण्याचा. रविवार, दिवाळीची सुटी, पौर्णिमा असेल तर नुसत्या रांगेतच दोन-तीन तास सहज जातात.

पॅकेजवाल्याला हे सगळं ठाऊक असतं. त्याचा बेत दत्तापर्यंत नेण्याचा नसतोच. ठरलेला प्रसंग अंबाजीच्या पायऱ्यांवर घडतो. साडेनऊच्या सुमारास बरोबरचा माणूस समोरच्या शिखराकडे बोट दाखवतो आणि म्हणतो, ‘वो सामने दत्त भगवान, यहीं से दर्शन कर लो, माताजी से चढ़ा नहीं जाएगा.’ त्या वाटेवर अंबाजीनंतर आधी गोरखनाथ येतो, त्यामुळे मंडळी ज्या दिशेने हात जोडतात तिथे दत्त असतीलच असं नाही. कोणी हट्ट धरला तर दुसरा पर्याय पुढे येतो, ‘डोली कर लो.’ स्वस्त पॅकेजचा खरा नफा इथे आहे. खाली सगळं ‘इन्क्लुडेड’ ऐकलेलं असतं, वर कुठेही चौकशी करायची सोय नाही, वेळ हातातून चाललेली, आणि आई म्हणत असते, ‘इतकं लांब आलो आणि दर्शन नाही?’ अशा वेळी घासाघीस कोण करणार?

डोलीवाल्यांना सरसकट नावं ठेवायचं कारण नाही. खांद्यावर माणूस घेऊन त्या पायऱ्या चढणं हे अंग मोडणारं काम आहे आणि त्याचे काही हजार रुपये होणारच. गोंधळ होतो तो मधल्या दलालामुळे. डोलीचा दर वजनावर ठरतो, म्हणून आधी वजन करतात. दर ठरवताना चार गोष्टी मोठ्याने बोलून घ्याव्यात: अंबाजी ते दत्त की थेट तलेटीपासून, जाऊन-येऊन की एकच बाजू, कमंडलूला उतरणार का, आणि रक्कम पूर्ण डोलीची की वाहणाऱ्या प्रत्येकाची. शेवटची गोष्ट सर्वांत महाग पडते. दोघं वाहणारे असोत की चौघं, ‘पाँच हज़ार’ म्हणजे पूर्ण डोलीचे असं तुम्ही धरता आणि उतरल्यावर तो आकडा प्रत्येकाचा निघतो. दुसरी खोड म्हणजे गोरखनाथाच्या उतारापाशी डोली खाली ठेवून ‘आगे का अलग लगेगा’ म्हणणं. सगळे पैसे आधी देऊ नयेत. निम्मे निघताना, निम्मे परत अंबाजीला आल्यावर, आणि तेही डोली वाहणाऱ्याच्याच हातात.

जैन मंदिरांच्या बाबतीतही अशीच गल्लत करतात. ‘रोपवेने अंबाजी व जैन मंदिरे’ असं छापलेलं असतं. नेमिनाथांचं मंदिर आणि त्याभोवतालची देरासरं, म्हणजे जैन मंदिरं, ही अंबाजीच्या खाली आहेत, पायऱ्यांच्या वाटेवर चार हजाराच्या आसपास. रोपवेने वर गेलेल्या माणसाला ती बघायची तर हजारभर पायऱ्या उतरून पुन्हा तेवढ्याच चढाव्या लागतात, नाहीतर तिथून पुढे तलेटीपर्यंत पायीच उतरावं लागतं. उतरायचंच असेल तर रोपवेचं एकेरी तिकीट पुरतं. पॅकेजमध्ये मात्र दुहेरीचे पैसे लावलेले असतात.

तिकिटावर एकेरी की दुहेरी हे खिडकीपाशीच उभं राहून वाचा. एजंटाने दुहेरीचे पैसे घेऊन एकेरी तिकीट हातात टेकवलं, तर ते कळतं वर, परतीच्या रांगेत. तिथे पुन्हा पैसे भरणं किंवा पाच हजार पायऱ्या उतरणं एवढंच उरतं. सुरुवातीला मोठ्या माणसाचं दुहेरी भाडं सातशेच्या घरात होतं. दर बदलतात, म्हणून आजचा आकडा खिडकीवरच्या फलकावरच बघायचा. एजंट पंधराशे सांगत असेल तर त्यातले बाकीचे कशाचे, हे विचारायला लाजू नका.

आता बनावट ऑनलाइन तिकिटांबद्दल. हा धंदा चालतो कारण अधिकृत ऑनलाइन तिकीट खरंच मिळतं आणि पौर्णिमेच्या रांगेची धास्तीही खरी असते. मोबाइलवर ‘गिरनार रोपवे बुकिंग’ शोधलं की पहिल्या दोन-तीन ओळी ‘प्रायोजित’ असतात, म्हणजे पैसे देऊन वर आणलेल्या. साइटचं नाव खऱ्यासारखंच, फक्त मधे ‘ऑनलाइन’, ‘बुकिंग’, ‘दर्शन’ असा एखादा शब्द जास्त. नावं, वयं, मोबाइल नंबर भरून घेतात. मग ‘पेमेंट अयशस्वी’ असं दिसतं आणि दोन मिनिटांत फोन येतो, ‘सर, सर्व्हर डाउन आहे, या क्यूआरवर पाठवा, तिकीट व्हॉट्सॲपवर देतो.’ पीडीएफ येतेही. तिच्यावर रोपवेचा फोटो असतो, आठ जणांची नावं असतात, एक क्यूआर असतो. फाटकावरचं यंत्र तो ओळखत नाही.

पैसे पाठवण्याआधी यूपीआयच्या पडद्यावर नाव कोणाचं येतं ते बघा. रोपवेचं तिकीट आणि पैसे घेणारी मात्र एखादी व्यक्ती, असं असेल तर तिथेच थांबायचं. आणखी एक खूण कमी लोकांच्या लक्षात येते: हवामान. गिरनारवर वारा जोराचा असतो आणि वेग वाढला की रोपवे थांबवावाच लागतो. पावसाळ्यात तर हे नेहमीचंच. त्यामुळे खरं तिकीट विकणारा ‘हवामानामुळे सेवा बंद राहू शकते’ हे कुठेतरी लिहितोच. ‘१०० टक्के कन्फर्म, व्हीआयपी एंट्री, रांग नाही’ असं छापणाऱ्याला वाऱ्याची काळजी नसते, कारण त्याला तुम्हाला वर न्यायचंच नसतं.

अशा तिकिटानंतर दुसरा डल्ला परताव्याच्या नावाखाली मारतात. चिडलेला माणूस इंटरनेटवर ‘कस्टमर केअर’ नंबर शोधतो आणि तोही त्याच टोळीचा निघतो. ‘रिफंड पाठवलाय, फक्त पिन टाका’, किंवा ‘हे ॲप घ्या, स्क्रीन दाखवा’. पैसे येण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत.

वाऱ्याचा फायदा जुनागढमधले काही रिक्षावालेही उठवतात. स्टेशनवर किंवा बसस्टँडवर उतरल्या उतरल्या ऐकू येतं, ‘रोपवे आज बंद है.’ मग सक्करबाग प्राणिसंग्रहालय, उपरकोट, दामोदर कुंड अशी दिवसाची फेरी गळ्यात मारतात. ठिकाणं चांगली आहेत. भवनाथच्या वाटेवरचा अशोकाचा शिलालेख तर चुकवूच नये, एकाच खडकावर अशोक, रुद्रदामन आणि स्कंदगुप्त या तिघांच्या काळातले लेख आहेत. पण रोपवे चालू की बंद हे तलेटीतल्या तिकीटखिडकीपाशी जाऊनच ठरवायचं. स्टेशनपासून अंतर पाच-सहा किलोमीटरचं आहे, खात्री करायला फार पैसे मोडत नाहीत. बंद असेल तर पायऱ्या आहेतच, त्या शेकडो वर्षांपासून चालू आहेत.

टूरवाल्याशी ठरवताना फोनवरच्या गोड बोलण्यावर जाऊ नका. व्हॉट्सॲपवर लेखी विचारा: रोपवेचं तिकीट दरात धरलंय का आणि दुहेरी आहे का, दत्तशिखरापर्यंत नेणार की अंबाजीपर्यंत, डोलीचे पैसे कोणाचे, रोपवे बंद पडला तर किती रक्कम परत. ‘सब हो जायेगा’ असं उत्तर आलं तर तोच प्रश्न पुन्हा टाका आणि ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच मागा. ते चॅट आणि जाहिरातीचं चित्र परत येईपर्यंत पुसू नका. बयाणा म्हणून एकूण रकमेच्या पाव हिश्शापेक्षा जास्त देऊ नये, आणि तोही पावती घेऊन.

पैसे गेलेच असतील तर ऑनलाइन व्यवहारासाठी पहिला फोन १९३० ला, सायबर मदत क्रमांकावर. पहिल्या काही तासांत पैसे पुढच्या खात्यांत पांगण्याआधी गोठवता येण्याची शक्यता असते, दुसऱ्या दिवशी ती फार कमी होते. यूपीआय व्यवहाराचा बारा आकडी संदर्भ क्रमांक, वेळ आणि समोरचा यूपीआय आयडी हाताशी ठेवा. बँकेलाही लगेच कळवा. त्यानंतर सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार नोंदवा. जुनागढच्या पोलीस ठाण्यात हजर राहावं लागेल या भीतीने अनेक जण गप्प बसतात, पण तक्रार आपल्या गावातूनही करता येते.

पॅकेजमध्ये कबूल केलेलं दिलं नाही, हे प्रकरण वेगळं. ते ग्राहक तक्रारीत येतं. त्याची सुरुवात १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनपासून करता येते. तिथे मिटलं नाही तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदार जिथे राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात दावा लावता येतो. टूरवाला राजकोटचा असो की जुनागढचा, सांगलीच्या माणसाला दावा सांगलीतच लावता येतो. दिलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. तिथे पुरावा म्हणून चालतात ते जाहिरातीचं चित्र, ‘दत्तशिखरापर्यंत नेणार का?’ हा तुमचा प्रश्न आणि त्याखालचं ‘हो’.