श्रीमंतांचं मेटल कार्ड: फी कुठे वसूल होते, कुठे नाही

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत आमचा कास्टिंग मशीनिंगचा कारखाना आहे. गिऱ्हाईकं जर्मनीत असल्यामुळे तिकडे जाणं-येणं असतं, मुलगी नेदरलँड्समध्ये शिकते, आणि आई आता पंच्याहत्तरीच्या पुढे आहे. हे आधी सांगतो, कारण अशा महागड्या क्रेडिट कार्डाचा हिशोब ज्याच्या-त्याच्या खर्चावर ठरतो. महिन्याचा किराणा, पेट्रोल आणि मुलांची फी एवढाच खर्च असलेल्या घराचं गणित माझ्यापेक्षा पूर्ण वेगळं येईल.

कार्ड एका खासगी बँकेचं आहे. अर्ज करून मिळत नाही, खात्यातली शिल्लक आणि आयटी रिटर्न पाहून बँकच देऊ करते. बँकेचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण या श्रेणीतल्या कार्डांचा सांगाडा सारखाच असतो: साधारण साडेबारा हजार रुपये वार्षिक फी, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १४,७५० रुपये. वर्षाला ठरावीक खर्च केला, बहुतेक ठिकाणी १० लाख, तर पुढच्या वर्षीची फी माफ. अमेरिकन एक्सप्रेसचं प्लॅटिनम घेतलं तर हाच आकडा ६० हजारांच्या पुढे जातो. वर्षभराहून जास्त काळ वापरल्यावर जे दिसलं ते लिहितो.

सुरुवात खर्चावर मिळणाऱ्या बक्षीस पॉइंटांपासून करतो, कारण सगळी जाहिरात त्यावर उभी असते. सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण घेऊ, एचडीएफसीचं इन्फिनिया. १५० रुपये खर्चाला ५ पॉइंट. हेच पॉइंट बँकेच्या स्मार्टबाय पोर्टलवर विमान किंवा हॉटेलसाठी वापरले तर एका पॉइंटचा एक रुपया होतो, म्हणजे परतावा ३.३३ टक्के. पण तेच पॉइंट कार्डाच्या बिलात वळते केले तर एका पॉइंटचे ३० पैसे, म्हणजे परतावा १ टक्का. शिवाय बुकिंगची पूर्ण रक्कम पॉइंटांत भरता येत नाही, ७० टक्क्यांपर्यंत पॉइंट आणि उरलेले पैसे कार्डाने. एकच कार्ड, तोच खर्च, आणि परतावा एक टक्का की सव्वातीन टक्के हे फक्त पॉइंट कुठे वापरले यावर ठरतं. माझ्या कार्डाचे दर वेगळे असले तरी रचना हीच आहे. ज्याला वर्षातून विमानाची तिकिटं काढायचीच असतात त्याला हे पॉइंट रोकड्यासारखे आहेत. ज्याला प्रवासच करायचा नाही, त्याला ऑनलाइन खरेदीवर ५ टक्के कॅशबॅक देणारी, हजाराच्या आसपास फी असलेली कार्डं जास्त परत देतात, भले त्यांना महिन्याची मर्यादा असो.

आणि कशावर पॉइंट मिळत नाहीत ही यादी दर वर्षी लांबत चालली आहे. घरभाडं, पेट्रोल, वॉलेटमध्ये पैसे टाकणं, सरकारी भरणा, काही ठिकाणी विमा आणि वीजबिल: कुठे पॉइंट शून्य, कुठे मर्यादा, कुठे वर एक टक्का शुल्क. मोठा खर्च म्हणजे सोनं. लग्नाच्या दागिन्यांना कार्ड वापरायचं तर आधी सराफाला विचारा, कारण या कार्डांवर दुकानदाराला बँकेचं कमिशन जास्त द्यावं लागतं आणि गुजरीत, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ बाजारात, बऱ्याच ठिकाणी दोन टक्के वरचे मागतात. सव्वातीन टक्क्यांतून दोन गेले की हातात सव्वा उरतो, तोही तिकिटाच्या रूपात. आम्ही दागिन्यांचे पैसे सरळ आरटीजीएसने दिले.

दहा लाखांचा टप्पा गाठण्यासाठी लोक काय काय करतात ते आमच्या ओळखीत पाहिलंय. मित्रांची बिलं आपल्या कार्डावर भरायची, कारखान्याचा माल कार्डावर घ्यायचा. इथे दोन गोष्टी स्पष्ट सांगतो. एक, वैयक्तिक कार्ड धंद्याच्या खरेदीला वापरायचं नाही असं बँकांच्या अटींत लिहिलेलं असतं. एकाच व्यापाऱ्याकडे वारंवार मोठे स्वाइप दिसले की विचारणा येते, पॉइंट गोठतात, कार्डही बंद होऊ शकतं. दोन, एका आर्थिक वर्षात कार्डाची बिलं १० लाख किंवा त्याहून जास्त भरली (रोखीत असेल तर १ लाखच) की बँक ती माहिती आयकर खात्याला कळवते. म्हणजे फी माफीची रेषा आणि ही रेषा जवळजवळ एकच आहे. रिटर्नमध्ये उत्पन्न नीट दाखवलेलं असेल तर घाबरायचं काही कारण नाही. पण मित्रांचा खर्च तुमच्या नावावर चढत असेल तर उद्या उत्तर तुम्हाला द्यावं लागेल. फी वाचवायला हा धोका कुणी घेऊ नये.

आता जिथे कार्डाने मला मनापासून समाधान दिलं ते. लाउंज, म्हणजे विमानतळावरचा आरामकक्ष. मी एकटा असतो तेव्हा मला लाउंजचं फारसं कौतुक नाही. मुंबई विमानतळाच्या टी-२ टर्मिनलवर रात्रीच्या आंतरराष्ट्रीय विमानांच्या वेळी लाउंजबाहेर इतकी रांग असते की गेटजवळच्या खुर्चीत बसणं बरं. पण आईला घेऊन मुलीकडे गेलो तेव्हा चित्र वेगळं होतं. बाबा गेल्यापासून तिचा हा पहिलाच लांबचा प्रवास. कोल्हापूरहून गाडीने मुंबई, मग रात्री विमान, मग फ्रँकफर्टला थांबून पुढचं. तिच्या नावाने अ‍ॅड-ऑन कार्ड (माझ्याच खात्यावरचं जोडकार्ड) काढलं होतं, फुकट मिळालं, आणि त्यावर तिलाही प्रायॉरिटी पास (जगभरच्या लाउंजांत प्रवेश देणारं सदस्यत्व) होता. फ्रँकफर्टला थांबण्याचे चार तास तिला पाय पसरून बसता आलं, स्वच्छ बाथरूम मिळालं, गोळ्या घ्यायला गरम पाणी आणि साधं सूप-भात मिळालं. तिचे गुडघे पाहता ते चार तास लोखंडी खुर्चीत काढणं मला नको होतं. घरात वयस्कर माणसं असतील आणि त्यांना घेऊन प्रवास करणार असाल तर कार्ड घेताना पहिला प्रश्न हा विचारा: अ‍ॅड-ऑन कार्डावर लाउंज आहे का, परदेशातही आहे का, आणि अमर्याद आहे का. बऱ्याच कार्डांवर फक्त मूळ कार्डधारकाला मिळतं आणि सोबतच्या माणसाचे डॉलरमध्ये पैसे कापले जातात. आधीच्या तिमाहीत अमुक खर्च केला तरच लाउंज, अशीही अट अलीकडे पुष्कळ कार्डांना लागली आहे. वरच्या श्रेणीतली कार्डं त्यातून बरीचशी सुटली आहेत, आणि माझ्या मते आज फीचं सर्वांत मोठं समर्थन हेच आहे.

परदेशातल्या खर्चाचा हिशोब मात्र ताळा करून पाहावा. साध्या कार्डावर परकीय चलनाचा मार्कअप (रूपांतरावरचं बँकेचं शुल्क) साधारण ३.५ टक्के, त्यावर जीएसटी, म्हणजे ४.१३ टक्के. प्रीमियम कार्डावर २ टक्के, जीएसटी धरून २.३६. एक लाखाच्या खर्चाला १,७७० रुपयांचा फरक. चांगलाच आहे. पण मुलीला आम्ही जे कार्ड दिलंय, त्यावर मार्कअप शून्य आणि फीही शून्य आहे. स्कॅपिया, आयडीएफसी फर्स्टचं वॉव अशी कार्डं बाजारात आहेत, मुदत ठेवीवरसुद्धा मिळतात. म्हणून हॉटेल आणि विमान माझ्या कार्डावर, कारण पॉइंट मिळतात, आणि ट्रामपासून किराण्यापर्यंत बाकी सगळं त्या कार्डावर. तिकडच्या मशीनवर ‘रुपयांत भरायचं की युरोत’ असं विचारलं की युरोच निवडा. रुपये निवडले तर दर तिकडचा दुकानदार आणि त्याची यंत्रणा लावते आणि तो नेहमी महाग असतो. एक दिलासा असाही आहे की परदेशात कार्डाने केलेला खर्च एलआरएसमध्ये (परदेशी पैसे पाठवण्याच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेत) मोजायचा निर्णय अर्थ मंत्रालयाने २८ जून २०२३ रोजी पुढे ढकलला, त्यामुळे त्यावर टीसीएस (व्यवहाराच्या वेळीच घेतला जाणारा आयकर) कापला जात नाही. मुलीची फी बँकेतून पाठवतो तेव्हा ती एलआरएसमध्ये मोजली जाते, तिकडे असताना हॉटेलचं बिल कार्डाने भरलं तर नाही.

गावात मात्र या कार्डाचा उपयोग फार कमी. आमच्याकडे भाजीवाल्यापासून मिसळीच्या हॉटेलापर्यंत सगळीकडे क्यूआर आहे, आणि यूपीआयला जोडता येणारं क्रेडिट कार्ड रुपेचंच लागतं. माझं कार्ड व्हिसाचं. त्यामुळे रोजच्या खर्चाला ते खिशातून बाहेरच येत नाही. बँकेला विनंती करून जोडीला रुपे कार्ड मिळतं का ते विचारा. अमेरिकन एक्सप्रेस किंवा डायनर्स घेणाऱ्यांनी आपल्या गावातली नेहमीची चार दुकानं आणि दवाखाने आधी तपासावेत, मोठ्या शहराबाहेर ही कार्डं चालतीलच याचा भरवसा नाही.

कॉन्सिएर्ज सेवेबद्दल फार बोलण्यासारखं नाही. टेबल बुक करून दे, फुलं पाठव, इतपत काम होतं. ऐनवेळी जर्मनीतल्या एका प्रदर्शनाच्या शहरात हॉटेल हवं होतं तेव्हा त्यांनी जी यादी पाठवली ती मी फोनवर पाच मिनिटांत काढली असती. गोल्फ मी खेळत नाही. हॉटेलच्या क्लबचं सदस्यत्व आलं, त्याची शाखा कोल्हापुरात नाही. या सगळ्यांची बाजारभावाने किंमत लावून ‘वर्षाला दीड लाखाचे फायदे’ असं पत्रक बनतं. मी फायदा तोच धरतो ज्याच्यासाठी मी एरवी खिशातून पैसे दिले असते.

विम्याकडे मात्र लोक दुर्लक्ष करतात, ते करू नये. विमान अपघाताचं संरक्षण काही कार्डांवर कोटींत असतं. अट बहुधा अशी की तिकीट त्याच कार्डावर काढलेलं हवं. बँकेकडे नॉमिनी नोंदवला आहे का हे आजच बघा, आणि घरच्यांना सांगून ठेवा. ज्याला माहीतच नाही तो दावा कसा करणार? उलट फसवणुकीपासूनचं संरक्षण प्रीमियम म्हणून विकलं जातं, तर त्यासाठी पैसे मोजू नका. ६ जुलै २०१७ च्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकानुसार तुमची चूक नसताना व्यवहार झाला आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर तुमची जबाबदारी शून्य. हा नियम फुकटातल्या कार्डालाही लागू आहे.

आता मला खरोखर खुपलेल्या दोन गोष्टी. पहिली, आरएम. कार्डासोबत एक रिलेशनशिप मॅनेजर मिळतो आणि त्याचे निम्मे फोन युलिप (विमा जोडलेली गुंतवणूक) नाहीतर पीएमएस (श्रीमंतांसाठीची गुंतवणूक सेवा) विकायला असतात. ‘साहेब, कार्ड चालू राहायला बरं पडेल’ असं एकदा त्याने सुचवलं तेव्हा मी लेखी मागितलं. लेखी अर्थातच आलं नाही. कार्ड आणि गुंतवणूक यांचा संबंध कुणी जोडत असेल तर तिथेच थांबवा आणि तक्रार अधिकाऱ्याला ईमेल करा. माझे ते फोन त्यानंतर बंद झाले.

दुसरी जास्त गंभीर आहे: पॉइंटांची किंमत बँक एकतर्फी बदलू शकते. अ‍ॅक्सिसच्या मॅग्नस कार्डाचं उदाहरण सगळ्यांसमोर आहे. महिन्याला एक लाख खर्च केला की २५,००० जादा पॉइंट मिळायचे आणि ५ पॉइंटांचे ४ एअर माइल (विमान कंपनीचे, तिकिटासाठी वापरायचे पॉइंट) व्हायचे. सप्टेंबर २०२३ पासून ते मासिक पॉइंट बंद, ५ पॉइंटांचे २ माइल, आणि फी १० हजारांवरून साडेबारा हजार. ज्यांनी लाखो पॉइंट साठवले होते, त्यांची किंमत एका नोटिशीत निम्मी झाली. नियमांत बसणारं होतं, पण ग्राहकाने आधीच केलेल्या खर्चाचा तो मोबदला होता, आणि तो मागे जाऊन कमी करणं मला अन्यायाचं वाटतं. मुदत ठेवीचा व्याजदर बँक मध्येच कमी करत नाही. पॉइंटांनाही तसं संरक्षण हवं, निदान आधी कमावलेल्यांना. तोपर्यंत मी पॉइंट साठवत नाही, दर सहा महिन्यांनी तिकिटांत वापरून टाकतो.

व्याजाचं एका वाक्यात: बिल पूर्ण भरता येत नसेल तर हे कार्ड घेऊच नका. वरच्या श्रेणीत दर थोडा कमी असतो, तरी महिना दोन टक्के म्हणजे वर्षाला चोवीस, आणि साध्या कार्डांवर चाळिसाच्या पुढे. ३० टक्क्यांवरचं व्याज अनुचित ठरवणारा ग्राहक आयोगाचा २००८ चा निकालही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केला, म्हणजे तो आधारही उरलेला नाही.

मी कार्ड चालू ठेवलं आहे. आईचा पुढचा प्रवास, मुलीच्या फेऱ्या आणि माझं जर्मनी धरून तिकिटांत आणि लाउंजमध्ये फीच्या दुपटीहून जास्त मला मिळतं, आणि खर्च मुद्दाम वाढवावा लागत नाही. मुलीचं शिक्षण संपलं की पुन्हा हिशोब मांडणार, आणि आकडा बसला नाही तर बंद करणार. बंद करताना आधी पॉइंट वापरा, कारण खातं बंद झालं की ते जातात. मग लेखी विनंती करा. थकबाकी नसेल तर बँकेने सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करायलाच हवं, उशीर केला तर दिवसाला ५०० रुपये तुम्हाला द्यायचे, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ पासूनचा नियम आहे. आरएम ‘थांबा, ऑफर आणतो’ म्हणून दिवस काढत असेल तर त्याला या नियमाची आठवण ईमेलने करून द्या.