अकरा फुटांचा रिव्हर्स: जुनी इलेक्ट्रिक स्कूटर, नऊ महिन्यांच्या वापरानंतर

या स्कूटरची बॅटरी किती, वेग किती, डिकीत हेल्मेट मावते की नाही, हे वाचणाऱ्यांना माझ्याहून अधिक ठाऊक असेल, म्हणून ते सोडून देतो. माझा अनुभव मुख्यतः रिव्हर्सचा आहे, म्हणजे बटण दाबले की गाडी माणसाच्या चालीने मागे सरकते त्या सोयीचा. एवढ्याशा गोष्टीवर इतके लिहिण्यासारखे काय आहे असे आमच्या घरीही विचारण्यात आले. त्याचे उत्तर पुढे आहे.

गाडी मी नोव्हेंबर २०२४ मध्ये ६२,००० रुपयांना सेकंडहँड घेतली. पहिले मालक ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्याच परिचितांचे चिरंजीव. पुण्याला नोकरी लागली म्हणून त्यांनी ती विकायला काढली होती. ग्वाल्हेरचा माणूस गाडी घ्यायची तर इथल्या वार्षिक व्यापार मेळ्याची वाट पाहतो, कारण मेळ्यात रोड टॅक्सवर सूट मिळते. मी मात्र थांबलो नाही, कारण नवी गाडी मला मुळात परवडणारच नव्हती आणि या गाडीची फाईल फार चांगली होती. मूळ बिल, विमा, चार्जरचे वॉरंटी कार्ड, सर्व्हिसच्या पावत्या, सर्व तारखेनुसार लावलेले. महालेखाकार कार्यालयात इतरांची व्हाउचरे तपासण्यात चौतीस वर्षे घालवलेल्या माणसाला अशी फाईल दाखवली, तर तो गाडीचे टायर पाहायला विसरतो. टायर दोन महिन्यांत बदलावे लागले, ते असो.

आमचे घर चिटणीस की गोठ या मोहल्ल्यात आहे. दारातून आत चौकात यायला उतार आहे, आणि गाडी भिंतीकडे तोंड करून उभी राहते, कारण चार्जिंगचा प्लग तिथेच आहे. बाहेर काढायची म्हणजे ११८ किलोची गाडी अकरा फूट चढावर उलटी ओढायची. माझे वय ६४ आणि उजव्या गुडघ्याचे वयही तेवढेच. 'गाडी उलटी लावून ठेवा' असा सल्ला मला निदान नऊ जणांनी दिला आहे. त्या सर्वांना नम्रपणे सांगतो की गाडी उलटी आत न्यायलाही रिव्हर्सच लागतो. खरेदीपूर्वी चक्कर मारताना मी सर्वांत आधी तेच बटण दाबून पाहिले होते, आणि पहिले तीन-साडेतीन महिने ते निमूटपणे चालले.

बाकीचे थोडक्यात. हिवाळ्यात एका चार्जिंगमध्ये ७८ किलोमीटर मिळत होते, मे महिन्यात ६६ वर आले. ग्वाल्हेरच्या उन्हात दुपारी चार्जिंग लावू नये, संध्याकाळी बॅटरी निवल्यावर लावावी, हे कंपनीने नव्हे तर शेजाऱ्यांनी शिकवले. महिन्याला पेट्रोलचे साधारण १,४०० रुपये वाचतात. आवाज नाही, धूर नाही, आणि महाराज बाडा चौकातल्या गर्दीत गाडी अतिशय सांभाळून चालते. एवढ्यावरच थांबता आले असते तर मी चार तारे देऊन मोकळा झालो असतो.

झाले असे की आरसी, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्र, माझ्या नावावर झाली, पण कंपनीच्या अ‍ॅपमध्ये गाडी पहिल्या मालकांच्याच खात्यावर राहिली. मालकी हस्तांतराचे फॉर्म २९ आणि ३० भरले, मुदतीत शुल्क भरले, आणि आता मालकी पूर्ण झाली असा माझा भाबडा समज होता. तिकडे पुण्यात त्या बिचाऱ्यांच्या फोनवर मी रोज सकाळी कुठे निघालो, कुठे थांबलो, याच्या सूचना जात होत्या. अखेर त्यांनीच फोन केला: "काका, तुम्ही रविवारी सात वाजता बेडई-पुरी आणायला जाता हे मला कळायचं काही कारण नाही, मी गाडी माझ्या खात्यातून काढून टाकतो." सज्जन माणूस. २ मार्च २०२५ रोजी त्यांनी गाडी काढली, आणि त्याच क्षणी माझा रिव्हर्स गेला. सोबत नकाशा, चोरीची सूचना आणि चढावर गाडी धरून ठेवण्याची सोयही गेली. त्यांचे मला फारसे दुःख नाही. चिटणीस की गोठ मला नकाशाशिवाय सापडते.

सर्व्हिस सेंटरवर मिस्त्रीने लॅपटॉप जोडून पाहिले आणि संपूर्ण प्रकरणाचे सार एका वाक्यात सांगितले: "बाबूजी, गाड़ी में तो सब कुछ है, ऊपर से बंद कर रखा है." काउंटरवरचे उत्तर अधिक सभ्य होते. या सोयी एका पॅकमधल्या आहेत, पॅक हा गाडीचा भाग नसून वापरकर्त्याला दिलेला परवाना आहे, तो दुसऱ्याच्या नावे करता येत नाही, पहिल्या वापरकर्त्याचे खाते सुटले की परवाना संपतो, आणि मला हवा असल्यास १०,००० रुपये अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ११,८०० रुपये भरून नवा घेता येईल. हे सर्व अटींमध्ये लिहिलेले आहे, असेही सांगण्यात आले. अटी मी वाचल्या. खरोखरच लिहिलेले आहे. पण त्या अटींवर 'मान्य' हे बटण मी कधी दाबलेलेच नाही.

घरी येऊन मी ती फाईल पुन्हा उघडली. जानेवारी २०२३ च्या मूळ बिलावर पहिल्या ओळीत स्कूटर आहे, चासी क्रमांकासह. दुसऱ्या ओळीत तोच पॅक आहे, किंमत ९,००० रुपये. आणि त्याच्यापुढे एचएसएन, म्हणजे जीएसटीसाठी वस्तूच्या वर्गाचा क्रमांक, ८७११, कराचा दर ५ टक्के, एकूण ९,४५०. इलेक्ट्रिक वाहनांवरचा जीएसटी १ ऑगस्ट २०१९ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, तो वाहनाला. आणि ८७११ हे शीर्षक दुचाकींचे आहे. सॉफ्टवेअरच्या सेवेला १८ टक्के लागतात, जे मला सांगितलेल्या दरात व्यवस्थित लागलेच होते. म्हणजे २०२३ मध्ये कर भरताना हा पॅक दुचाकीचा भाग होता, आणि २०२५ मध्ये माझ्याकडे आल्यावर तो सेवा झाला. वस्तू तीच, बटण तेच, मोटार तीच. फक्त कंपनीला ज्या वेळी जे सोयीचे तेच नाव तिने त्या वेळी लावले. नोकरीत असतो तर या एका ओळीवर मी अर्धे पान आक्षेप लिहिला असता. आता निवृत्त आहे, म्हणून दीड पान लिहिला.

त्या काळी दुचाकीच्या किमतीतून बरेच काही बाहेर काढून वेगळे बिलात लावण्याची रीत होती, हे मान्य करायला हवे. केंद्राचे अनुदान दीड लाखांपर्यंतच्या कारखाना किमतीच्या गाडीलाच मिळत असल्याने काही कंपन्यांनी चार्जरसुद्धा वेगळा विकला, आणि २०२३ मध्ये त्यांना ते पैसे ग्राहकांना परत करावे लागले. चार्जर निदान हातात धरता येतो. रिव्हर्स कुठे धरणार?

असाच प्रकार अमेरिकेत आधी होऊन गेला आहे, हे मला वाचनातून कळले. २०१९ च्या अखेरीस एका गृहस्थांनी डीलरकडून जुनी टेस्ला मॉडेल एस घेतली. तिच्यात आपोआप चालवण्याच्या ज्या सोयी विक्रीच्या वेळी दाखवल्या होत्या, त्या कंपनीने दुरून काढून टाकल्या. किंमत सुमारे ८,००० डॉलर. फेब्रुवारी २०२० मध्ये बातमी झाल्यावर त्या परत देण्यात आल्या. त्याआधी, ३० मे २०१७ रोजी, तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने प्रिंटरच्या टोनरवरून चाललेल्या लेक्समार्कच्या खटल्यात असे ठरवले होते की वस्तू एकदा विकली की तिच्यावरचा पेटंटचा हक्क संपतो, मग विक्रेत्याने करारात काहीही लिहिलेले असो. सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी त्यात दाखला दिला तो नेमका जुन्या गाड्या दुरुस्त करून विकणाऱ्या दुकानाचा: सुटे भाग बनवणाऱ्या प्रत्येक कंपनीला पहिल्या विक्रीनंतरही हक्क चालवता आले, तर असे दुकान चालूच शकणार नाही. तो निवाडा पेटंटबद्दलचा आणि तिकडचा. ग्वाल्हेरच्या ग्राहक आयोगासमोर त्याचे वजन पडणार नाही हे मला समजते. तरी दाखला वाचून बरे वाटले.

आपल्याकडचे पाहू. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ अन्वये जिल्हा आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, आणि तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. कंपनीचे मुख्यालय असलेल्या दूरच्या शहरात जावे लागत नाही. ओळखीच्या वकिलांनी मात्र दोन अडचणी सांगितल्या. पहिली अशी की मी कंपनीला एक रुपयाही दिलेला नाही, त्यामुळे 'हे आमचे ग्राहकच नव्हेत' हा कंपनीचा पहिला आक्षेप असेल. त्यावर उत्तर असे की कलम २(७) मध्ये खरेदीदाराच्या संमतीने वस्तू वापरणाराही ग्राहक धरलेला आहे, आणि पहिल्या मालकांची संमती फॉर्म २९ वर सहीनिशी आहे. दुसरी अडचण अधिक बारीक आहे. 'अन्याय्य करार' ही कल्पना या कायद्यात नव्याने आली, पण करार अन्याय्य ठरवून रद्द करण्याचा अधिकार राज्य आयोगाला आणि राष्ट्रीय आयोगाला आहे, जिल्हा आयोगाला नाही. म्हणजे अट चुकीची आहे असे म्हटले की भोपाळ गाठा; अनुचित व्यापारी प्रथा म्हटली की काम इथेच होते. ११,८०० रुपयांसाठी भोपाळला खेटे घालणे हे माझ्या हिशेबात बसत नाही. मी दुसरा शब्द निवडला.

एप्रिलमध्ये १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार केली. ही दावा दाखल करण्यापूर्वीची मध्यस्थी आहे, निवाडा नव्हे. आठव्या दिवशी कंपनीने 'धोरणानुसार' असे एका शब्दाचे उत्तर देऊन तक्रार बंद करून घेतली. जूनमध्ये मी बिलाची प्रत जोडून नोंदणीकृत डाकेने नोटीस पाठवली आणि तिच्यात एकच प्रश्न विचारला: हा पॅक सेवा होता तर २०२३ मध्ये त्यावर ५ टक्के कर का लावला, आणि वाहनाचा भाग होता तर तो वाहनासोबत माझ्याकडे का आला नाही? दोहोंपैकी एक उत्तर लेखी द्यावे.

इथपर्यंतचा मजकूर जूनच्या अखेरीस लिहून ठेवला होता आणि खाली एक तारा दिला होता. त्यात आता बदल करणे भाग आहे.

१९ जुलै रोजी सकाळी स्क्रीनवर रिव्हर्सचे चिन्ह दिसले. मी बटण दाबले. गाडी अकरा फूट मागे आली, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून "आली का?" असा प्रश्नही आला. दुपारी कंपनीचे पत्र मेलवर आले: सदिच्छा म्हणून पॅक ३१ जुलै २०२६ पर्यंत चालू करण्यात येत आहे. माझ्या प्रश्नाचे उत्तर त्यात नाही. कराचा उल्लेखही नाही.

या मधल्या काळात माझे एका बाबतीतले मत बदलले, तेही नोंदवतो. मार्चमध्ये मला सरसकट सर्व सोयी गाडीबरोबरच याव्यात असे वाटत होते. आता वाटत नाही. नकाशा आणि चोरीची सूचना यांना गाडीतले सिम लागते, कंपनीचा सर्व्हर लागतो, त्यांचा दरमहा खर्च होतो. शिवाय गाडी दुरून बंद करण्याची किल्ली कोणाच्या फोनवर आहे हे कंपनीने तपासलेच पाहिजे, नाहीतर चोरालाही खाते आपल्या नावे करून घेता येईल. त्यासाठी ओळख मागा, आरसी मागा, वर्षाचे भाडेही घ्या. पण रिव्हर्सला सिम लागत नाही. मोटार उलटी फिरते, एवढेच त्यात आहे, आणि ती मोटार मी विकत घेतलेली आहे. या दोन गोष्टी एकाच पॅकमध्ये बांधल्या, की खर्चाच्या सोयीच्या आडून बिनखर्चाच्या सोयीचेही भाडे घेता येते. माझी सारी तक्रार त्या गाठीबद्दल आहे.

जुनी इलेक्ट्रिक गाडी घेणाऱ्यांनी आरसीच्या आधी अ‍ॅपचे हस्तांतर करून घ्यावे, विकणाऱ्याला समोर बसवून, ओटीपी दोन्ही फोनवर येईपर्यंत पैसे देऊ नयेत. आणि मूळ बिल मागावे, त्याची झेरॉक्स नव्हे. कराच्या रकान्याकडे कोणी पाहत नाही. पाहावे.

तूर्त तीन तारे देतो: गाडीला साडेचार, कंपनीला दीड, आणि सरासरी काढली आहे. सदिच्छा ही वस्तूच्या किमतीत धरता येत नाही, म्हणून 'पॅक चासी क्रमांकाशी कायमचा जोडला आहे' असे लेखी द्यावे, अशी विनंती मी कंपनीला पुन्हा केली आहे. ऑगस्ट संपत आला, उत्तर नाही. आयोगात तक्रार करण्याची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची असते, म्हणजे माझी मार्च २०२७ च्या आरंभी संपते. सदिच्छा जुलै २०२६ ला संपते. मधले सात महिने मी डायरीत लाल शाईने आखून ठेवले आहेत.