टीडीसीएस, आरटीएमएस की बौद्धिक सराव: आधी काय करावं?

स्किझोफ्रेनियाच्या गोळ्यांनी कानात येणारे आवाज थांबले, संशय निवळला, झोपही लागायला लागली. तरी मंडईतून चार जिन्नस आणायला सांगितले की मुलगा दोनच घेऊन येतो. स्वारगेटला बस बदलायची म्हटलं की गडबडतो. पुण्यातल्या शुभंकरांशी, म्हणजे रुग्णाची काळजी घेणाऱ्या घरच्यांशी, बोलताना हे गाऱ्हाणं घरोघरी ऐकू येतं. गोळ्या भास-भ्रम आटोक्यात आणतात. लक्ष, स्मरण, विचारांचा वेग यांना मात्र त्यांचा फारसा हातभार लागत नाही. म्हणून मेंदूला हलका करंट देऊन हे सुधारतं असं कानावर आलं की घरच्यांना आशा वाटणारच.

आधी भीती काढून टाकू. हलका करंट देण्याची ही पद्धत, म्हणजे टीडीसीएस, शॉक ट्रीटमेंट नव्हे. शॉक ट्रीटमेंटमध्ये (ईसीटी) भूल देऊन मुद्दाम आकडी आणतात. इथे शुभार्थी, म्हणजे रुग्ण, खुर्चीत जागा बसलेला असतो. मिठाच्या पाण्यात भिजवलेले दोन स्पंज पट्ट्याने डोक्याला बांधतात, बहुतेकदा एक डाव्या कपाळाच्या वरच्या बाजूला, आणि सुमारे २० मिनिटं १ ते २ मिलिअँपिअर करंट सोडतात. सुरुवातीला मुंग्या येतात, खाज सुटते, नंतर कातडी थोडी लाल दिसते, कधी डोकं दुखतं. त्रास इतका कमी, हा त्याचा खरा गुण.

गुण किती येतो, हा प्रश्न अवघड आहे. काही छोट्या अभ्यासांत कार्यकारी स्मृती (काम करताना गोष्टी थोडा वेळ मनात धरून ठेवणं) थोडी सुधारली. काहींत खरा करंट आणि करंटचा नुसता देखावा यांत फरकच पडला नाही. इथे एक गल्लत फार होते. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने टीडीसीएसवर चांगलं काम केलंय, पण त्यातलं बरंचसं गोळ्यांनी न जाणाऱ्या आवाजांवर. आवाज कमी झाले म्हणून स्मरणही सुधारेल, असं धरून चालू नका.

आरटीएमएस या दुसऱ्या उपायात करंटऐवजी मेंदूला चुंबकीय लहरी देतात. नैराश्यासाठी अमेरिकेत त्याला २००८ सालीच मान्यता मिळाली. स्किझोफ्रेनियातल्या स्मरणासाठी ती नाही, आणि इथेही निष्कर्ष उलटसुलट आहेत. आठवडेच्या आठवडे जवळपास रोज जावं लागतं. क्वचित आकडी येऊ शकते, आणि डोक्यात धातूचा तुकडा किंवा कॉक्लिअर इम्प्लांट असेल तर सहसा देतच नाहीत. सोबत नैराश्य असेल तर डॉक्टरांशी जरूर बोला. फक्त स्मरणासाठी मी यावर पैसे घालणार नाही.

माझं मत कॉग्निटिव्ह रेमेडिएशनच्या, म्हणजे लक्ष-स्मरणाच्या बौद्धिक सरावाच्या, बाजूने आहे. २०२१ मध्ये १३० अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला: फायदा लहान ते मध्यम, पण रोजच्या वागण्यातही दिसणारा. त्यातली खरी मेख प्रशिक्षित थेरपिस्टमध्ये आहे. मोबाइलवर एकट्याने कोडी सोडवणं म्हणजे हे नव्हे. यादी गटांत कशी पाडायची, काम सुरू करण्यापूर्वी पायऱ्या मोठ्याने कशा म्हणायच्या, हे समोर बसून शिकवावं लागतं, आणि ते भाजी आणणं, बँकेचा फॉर्म भरणं अशा कामांना जोडावं लागतं. पुनर्वसनाच्या जोडीला केलं तर गुण जास्त येतो. पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन बरीच वर्षं पुनर्वसनाचं काम करते आहे. तिथे चौकशी करून पाहा.

आणखी एक गोष्ट करंटच्याही आधीची. चिठ्ठीवर ट्रायहेक्सिफेनिडिल, म्हणजे पॅसिटेनसारखी गोळी आहे का ते बघा. हातापायांचा ताठरपणा, थरथर यांसाठी ती देतात आणि वर्षानुवर्षं तशीच चालू राहते, पण तिने स्मरण मंदावतं. आपणहून बंद मात्र करू नका. पुढच्या भेटीत विचारा: आता हिची गरज आहे का, हळूहळू कमी करता येईल का? तळजाई टेकडीवर नेमाने भरभर चालणंही लक्ष-स्मरणाला मदत करतं, आणि त्याला पैसे पडत नाहीत.

एवढं करूनही टीडीसीएस घ्यायचं ठरलं, तर सोबत बौद्धिक सराव चालू ठेवणारं केंद्र निवडा. सुरू करण्याआधी आणि नंतर स्मरणाची चाचणी घेणार का, किती सेशन्सनंतर गुण नाही म्हणून थांबवणार, स्पंज कुठे लावणार आणि का, हे पैसे भरण्याआधी विचारून घ्या. ऑनलाइन मिळणारं यंत्र घरी आणून लावू नका: स्पंज नीट भिजला नसेल किंवा करंट एकाच जागी साचला तर कातडी भाजते, आणि शुभार्थी ते दर वेळी सांगेलच असं नाही.