केतुबेचा मजकूर: जुना अरामी, जोडकलमाचा की बरोबरीचा?

लग्न ठरलं की मेंदी, चुडा, मलिदा यांच्या याद्या दुसऱ्याच दिवशी तयार होतात. केतुबेचं, म्हणजे ज्यू लग्नातल्या लेखी कराराचं, नाव निघतं शेवटच्या आठवड्यात, आणि तेही "हज्जानसाहेब आणतील छापील" एवढ्यावर भागतं. (हज्जान म्हणजे सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणारे.) माझ्या भाचीनं मात्र सहा महिने आधी विचारलं, "मावशी, मंडपात सगळ्यांसमोर माझ्या नावानं जे वाचणार, त्याचा अर्थ मला आधी कळायला नको?" मुलगा बेने इस्राएलच, म्हणजे आपल्या मराठी ज्यूंपैकीच, पण इस्राएलमधल्या लोदमध्ये वाढलेला. लग्न ठाण्यात, संसार तिकडे. मग आम्ही दोघी जुना अरामी (ज्यूंच्या जुन्या भाषेतला), जादा कलम जोडलेला आणि बरोबरीचा असे तिन्ही मजकूर शेजारी शेजारी ठेवून वाचत बसलो.

जुना अरामी मजकूर

आधी एक समजून घ्या. ही प्रेमाची कविता नाही, हा कर्जरोखा आहे. देणेकरी नवरा, घेणेकरी बायको. पहिल्या लग्नाच्या मुलीला २०० झूझ (जुनी चांदीची नाणी), विधवेला किंवा घटस्फोटितेला १०० झूझ ही मूळ रक्कम मिश्ना या ज्यू धर्मकायद्याच्या जुन्या ग्रंथानं ठरवून दिलेली आहे. २०० झूझ म्हणजे किती, याचं माप मिश्नातच सापडतं: ज्याच्याजवळ २०० झूझ आहेत त्यानं शेतात गरिबांसाठी सोडलेलं धान्य उचलू नये. म्हणजे नवरा गेला किंवा त्यानं सोडलं, तरी बाईवर दुसऱ्याच्या बांधावर जाण्याची वेळ येऊ नये, एवढी ही रक्कम. त्यासाठी नवऱ्याची सगळी मालमत्ता तारण, अगदी खांद्यावरच्या झग्यापर्यंत.

नवऱ्याच्या तोंडी एक वाक्य आहे: मी तुझ्यासाठी राबेन, तुझा मान राखेन, तुला खाऊपिऊ घालेन, तुला सांभाळेन. भाचीला हे वाचून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "हे तर मला हवंच आहे, मग हे मराठीत कुणीच का सांगत नाही?"

जुन्यातही दोन वळणं आहेत. अश्केनाझी, म्हणजे मध्य आणि पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या, मजकुरात माहेरचं १०० आणि नवऱ्याची भर १०० अशी चांदीची ठरावीक रक्कम सगळ्यांना सारखी लिहितात, म्हणजे गरीब मुलीला खाली मान घालावी लागत नाही. सेफार्दी, म्हणजे मूळ स्पेनकडच्या ज्यूंच्या परंपरेतल्या, मजकुरात रक्कम दोन्ही घरांनी ठरवायची आणि आपल्या चलनात मांडायची. दुसरी बायको करणार नाही हे वचनही त्यात अनेकदा स्वतंत्र येतं, कारण मध्ययुगीन युरोपातले धर्मगुरू रब्बेनू गेर्शोम यांची बहुपत्नीत्वावरची बंदी सगळ्या समाजांवर लागू नव्हती. आपली रीत सेफार्दी, तेव्हा रकमेवर बोलावंच लागतं. तो आकडा हज्जानांवर सोडू नका, दोघांनी बसून ठरवा.

'नेदुनिया' या शब्दाचं भाषांतर जपून करा. सर्रास 'हुंडा' लिहितात, आणि ते अर्थानं चूक आहे. मुलीनं काय आणलं याची इथे नोंद होते ती तिला ते परत मिळावं म्हणून. आपल्याकडे त्याला जवळचा शब्द स्त्रीधन. शिवाय १९६१ च्या कायद्यानं हुंडा देणं-घेणं गुन्हा आहे, मग सहीच्या कागदावर तो शब्द हवाच कशाला? 'माहेरून आणलेली चीजवस्तू' लिहा, आणि रक्कम मांडण्याआधी वकिलाला एकदा दाखवा.

गेटचं कलम: आत की बाहेर

जुन्या मजकुराची दुखरी जागा ही. धर्मानं घटस्फोट व्हायचा तर नवऱ्यानं गेट, म्हणजे धार्मिक सोडचिठ्ठी, द्यावं लागतं. तो अडून बसला तर बाई आगुणा, ना सुटलेली ना बांधलेली. यावर अमेरिकेतल्या ज्यूंच्या कन्झर्व्हेटिव्ह (मधल्या वाटेच्या) पंथानं १९५० च्या दशकात रब्बी शाऊल लीबरमन यांचं कलम केतुबेतच घातलं: लग्न मोडायची वेळ आली तर दोघंही बेत दीनसमोर, म्हणजे धार्मिक न्यायालयासमोर, हजर राहतील आणि ते सांगेल तसं वागतील. हेतू सोन्यासारखा आहे. पण ऑर्थोडॉक्स, म्हणजे जुन्या रीतीला धरून चालणारे, रब्बी हे बंधन मोघम मानतात, म्हणून असा मजकूर स्वीकारत नाहीत.

दुसरी वाट म्हणजे केतुबेला हात न लावता वेगळा करार करणं. अमेरिकेतल्या ऑर्थोडॉक्स बेत दीनच्या करारात, वेगळं राहू लागल्यावर धार्मिक लग्न संपेपर्यंत नवऱ्यानं रोज ठरावीक रक्कम द्यायची असते, सहसा १५० डॉलर. इस्राएलमध्ये 'परस्पर सन्मानाचा करार' याच कामासाठी आहे. माझं मत स्पष्ट आहे: हा दुसरा कागद प्रत्येक मुलीनं करावा, आणि वेगळाच करावा. "आमच्या मुलावर विश्वास नाही का?" असं कुणी विचारलं, तर सांगा की केतुबासुद्धा विश्वास असलेल्या मुलाकडूनच लिहून घेतात. फक्त परदेशी नमुना जसाच्या तसा उतरवू नका. जिथे राहणार तिथल्या वकिलाकडून करून घ्या.

बरोबरीचा मजकूर

यात दोघं एकमेकांना तीच वचनं देतात, सह्या दोघांच्या, साक्षीदार बाईही चालते. सर्वांत विचारपूर्वक केलेला मजकूर मला 'ब्रित अहुवीम' (प्रियजनांचा करार) वाटतो. अमेरिकेतल्या रेचल ॲडलर यांनी तो १९९८ मध्ये मांडला. त्यांचं म्हणणं, जुन्या विधीचा पायाच नवऱ्यानं बायको मिळवण्याचा आहे, तेव्हा नुसते शब्द बदलून काय होणार? म्हणून त्यांनी आधार घेतला भागीदारीच्या कायद्याचा: दोघं आपापली मोलाची वस्तू एका पिशवीत घालतात आणि पिशवी मिळून उचलतात.

बरोबरी हे आजचं खूळ आहे, असं म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट. इजिप्तमधल्या एलिफंटाइन बेटावर इ.स.पू. पाचव्या शतकातले ज्यू विवाहकरार सापडले आहेत, आणि त्यांत बायकोलाही सभेत उभं राहून नवरा सोडायची मुभा आहे.

तरी बाजारात मिळणारे बरोबरीचे बरेचसे मजकूर मला पोकळ वाटले. स्वप्नं, हसू, आधार सगळं आहे, देणं मात्र कुठेच नाही. मुंबईत १९२५ साली डॉ. जेरूशा जिराड यांच्या पुढाकारानं उभ्या राहिलेल्या ज्यूइश रिलिजस युनियनसारख्या, किंवा परदेशातल्या प्रोग्रेसिव्ह, म्हणजे सुधारणावादी, मंडळीत लग्न असेल तर हा मजकूर खुशाल घ्या, पण पैशाचं आणि घराचं एक तरी वाक्य त्यात घाला.

इस्राएलला जायचं असेल तर हिशेब बदलतो. तिथे मुलांच्या लग्नाच्या वेळी रब्बीकचेरी आईबापांची केतुबा मागते. १९६२ साली मुख्य रब्बी मंडळानं बेने इस्राएलांच्या लग्नाआधी पूर्वजांची चौकशी करायला सांगितलं, आपली माणसं तिथे धरण्याला बसली, आणि १९६४ च्या ऑगस्टमध्ये क्नेसेतनं, म्हणजे इस्राएलच्या संसदेनं, आपण सर्वार्थानं ज्यू असल्याचा ठराव केला. त्या पिढीनं जे सोसलं ते आठवलं की कागदावर शंकेला जागा ठेवावीशी वाटत नाही.

म्हणून भाचीनं जुना अरामी मजकूर अक्षरही न बदलता घेतला, करार वेगळा केला, आणि शेजारच्या पानावर मराठी अर्थ आपल्या हातानं लिहिला. तो मंडपात तिची आई वाचणार आहे.

छापायला देण्याआधी आम्ही नावांची हिब्रू अक्षरं पासपोर्टशी नव्हे, दोन्ही घरच्या आईबापांच्या केतुबांशी ताडून पाहिली. तारखेचंही तसंच: सूर्यास्तानंतरचं लग्न म्हणजे पुढची हिब्रू तारीख, आणि केतुबेवर खऱ्या दिवसाच्या आधीची तारीख पडली तर ती रद्द ठरते. वधूपुढे 'कुमारी' हा शब्द वाचला जातो. दुसरं लग्न असेल तर तो आणि रक्कम दोन्ही बदलतात, हे हज्जानांशी आधीच बोलून ठेवा, मंडपात कुजबुज नको.

काही ठिकाणी 'वकानिना' (आम्ही व्यवहार पक्का केला) या शब्दातल्या कोफ या हिब्रू अक्षराचा पाय, म्हणजे खाली उतरणारी रेघ, लिहायचा मुद्दाम बाकी ठेवतात. नवऱ्यानं रुमाल उचलून जबाबदारी घेतली की मग तो पाय लिहून पुरा करतात आणि साक्षीदार सह्या करतात. भाचीच्या केतुबेवर तो पाय तसाच लिहायचा राखला आहे. साक्षीदार मात्र अजून शोधतोय, कारण ते दोघांपैकी कुणाच्याच आणि एकमेकांच्याही नात्यातले नसावे लागतात, आणि ठाण्यात आम्ही सगळेच कुठून ना कुठून एकमेकांचे लागतो.